सुरुंगात पाय गेला, पण पीपीओवर 'वॉर इन्जुरी' नाही. आप्पांना ती पेन्शन मिळू शकते का?

खटावकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, १९८५ साली फौजेत भरती झाले आणि २००९ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, तेव्हा त्यांची पलटण राजस्थानच्या सीमेवर गेली. फेब्रुवारी २००२ मध्ये सुरुंग पेरायचं काम चालू असताना एक फुटला आणि आप्पांच्या डाव्या पायाचा पंजा गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला त्यांना नकली पंजा बसवला. बोर्डआऊट (मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवून मुदतीआधी घरी) केलं नाही. स्टोअरमध्ये बसतं काम दिलं आणि उरलेली सात वर्षं त्यांनी तिथेच काढली.

गेल्या आठवड्यात हयातीचा दाखला भरायचा म्हणून 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन केलं आणि सहज पीपीओ (पेन्शनचा आदेश) उघडून बघितली. त्यात लिहिलंय: डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग), ४० टक्के, आजन्म. 'वॉर इन्जुरी' हा शब्द कुठेच नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "आरं, लढाई झालीच कुठं? गोळी कुठं लागली मला? आपलाच सुरुंग व्हता." आणि तंबाखू मळायला लागले.

माझे दोन प्रश्न. लढाई न होता झालेली जखम युद्धातली धरतात का? आणि निवृत्त होऊन १६ वर्षं झाल्यावर पीपीओ बदलून मिळते का?

टवाळ | १७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

पहिला मी. आता वाचतो.

मंदार_पुणे | १७ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आप्पांना सलाम. पण माझ्या माहितीप्रमाणे वॉर इन्जुरी फक्त जाहीर झालेल्या युद्धातल्यांना मिळते. म्हणजे ६५, ७१ आणि कारगिल. पराक्रममध्ये तर युद्ध झालंच नाही, दहा महिने सैन्य सीमेवर उभं राहिलं आणि परत आलं. त्यामुळे अवघड दिसतंय. तरी माहितीचा अधिकार टाकून बघा.

नायब_सुभेदार | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

खटावकर, आधी आप्पांना माझा रामराम सांगा.

मी फौजेत २६ वर्षं क्लार्क होतो. म्हणजे गोळ्या कमी आणि कागद जास्त चालवले. मंदारराव, तुमचं 'जाहीर झालेलं युद्ध' साफ चूक. संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं पत्र आहे. त्यात मृत्यू आणि अपंगत्वाच्या ए ते ई अशा पाच वर्गवाऱ्या केल्यात. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेला आजार. बी म्हणजे नोकरीमुळे झालेला किंवा नोकरीमुळे वाढलेला. सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात, गाडी उलटली, करंट लागला असले. डी म्हणजे ऑपरेशनल ड्युटीवर नसताना अतिरेक्यांच्या किंवा समाजकंटकांच्या हल्ल्यात सापडणं. आणि ई म्हणजे युद्ध आणि युद्धासारखी परिस्थिती. वॉर इन्जुरी पेन्शन आहे ती या ईवाल्यांना.

शत्रूची गोळी हा ईमधला फक्त एक प्रकार झाला. त्याच यादीत सीमेवरच्या चकमकी आहेत, परदेशातली शांतिसेना आहे, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई आहे, जिवंत दारूगोळा वापरून केलेला लढाईचा सराव आहे, सरकारने खास जाहीर केलेली ऑपरेशन्स आहेत. आणि सुरुंग पेरणं-काढणं याला तर वेगळं कलमच आहे. सुरुंग आपला का त्यांचा, हे तिथे कोणी विचारत नाही. आप्पांना सांगा, "आपलाच व्हता" हे पालुपद आता बंद.

फरक किती पडतो बघा. नोकरी पूर्ण करून आलेल्याला १०० टक्के अपंगत्वासाठी डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतो आणि वॉर इन्जुरी एलिमेंट ६० टक्के. बरोब्बर दुप्पट. (बोर्डआऊट झालेल्याला वॉर इन्जुरी १०० टक्के.) अपंगत्व कमी असेल तर रक्कम त्या प्रमाणात खाली येते, पण किमान २० टक्के अपंगत्व हवं. समजा हिशेबापुरता शेवटचा पगार २०,००० धरला आणि ४० टक्क्यांचे राउंडिंगने ५० झाले, तर एकीकडे महिना ३,००० आणि दुसरीकडे ६,०००. वर महागाई.

आता कामाचं. घटनेच्या वेळची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदींचा युनिटचा हुकूम), इन्जुरी रिपोर्ट (फॉर्म आयएएफवाय २००६) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, हे शोधा. डिस्चार्ज बुकात जखमेची नोंद काय आहे तेही बघा. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतला जखमी) असेल तर निम्मी लढाई जिंकलात. 'फिजिकल कॅज्युअल्टी' (साधा जखमी) असेल तर रस्ता लांबचा.

आणि एक प्रश्न मुद्दाम शेवटी विचारतो. तेव्हा आप्पांनी एकरकमी पैसे घेतले होते का? वॉर इन्जुरी होऊनही नोकरीत ठेवलेल्या माणसापुढे दोन पर्याय ठेवतात. एकरकमी भरपाई घे आणि विषय संपव, नाहीतर ती सोड आणि निवृत्तीनंतर महिन्याला घे. एकरकमी घेतली असेल तर महिन्याचं विसरा.

टवाळ | १८ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

सुभेदारसाहेब सकाळी सव्वासहाला एवढं टंकतात आणि मी अजून दात घासले नाहीत.

मंदार_पुणे | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

माझी चूक मान्य, शब्द मागे घेतो. पण ४० चे ५० कसे झाले ते कळलं नाही. कोणी केले?

वकीलीणबाई | १८ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मंदार, याला 'ब्रॉड बँडिंग' म्हणतात, बोलताना सगळे राउंडिंग म्हणतात. ५० च्या खाली असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि ७६ पासून पुढे १००. कल्पना अशी की दोन डॉक्टर एकाच गुडघ्याला एक ३० आणि दुसरा ४० देऊ शकतो, मग त्या १० टक्क्यांवर जवानाचं आयुष्य कशाला टांगायचं? हा फायदा २००१ च्या त्याच पत्राने बोर्डआऊट झालेल्यांना दिला. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही. म्हणजे पाय तोच, बोर्डही तसंच, पण आप्पांसारखा माणूस तुटक्या पायाने सात वर्षं राबला म्हणून त्याला कमी. सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात हा भेद मोडला. तरी जुन्या लोकांपैकी अनेकांना त्यासाठी स्वतंत्र दाद मागावी लागली. त्यामुळे खटावकर, स्पर्शवर नीट बघा, प्रत्यक्ष पैसे ४० ने येतात का ५० ने.

१६ वर्षांच्या उशिराबद्दल: पेन्शन कमी मिळणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक आहे, त्यामुळे दरवाजा बंद होत नाही. पण थकबाकीला कात्री लागते. २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून साधारण धोरण असं की अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच थकबाकी मिळते. म्हणजे आप्पांची मधली तेरा वर्षं गेली असं समजून चाला.

क्रम असा. आधी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, कागदांसकट. त्यांनी मानलं तर ते पेन्शन विभागाकडे पाठवतात आणि कॉरिजेंडम (दुरुस्तीची) पीपीओ निघते. नाहीच मानलं तर अपील, आणि शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. २००७ चा कायदा आहे, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा मुंबईकडे येतात. पहिल्याच दिवशी वकील गाठू नका. हे मी वकील असून सांगतेय, घरी कळवू नका.

शिवारातली_सुमन | १८ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

आमचा अनुभव लिहिते. आमचे हे सुट्टीवर आले होते, पावसाळ्याच्या तोंडाला. घराची कौलं शाकारायला वर चढले आणि वासा मोडून खाली आले. मणक्याला मार. पुढे लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची खालची श्रेणी), मग निवृत्तीच्या बोर्डात ३० टक्के दिले, पण 'नोकरीशी संबंध नाही' असा शेरा. आम्हाला कोणीतरी सांगितलं की सुट्टीवर असला तरी फौजी ड्युटीवरच असतो, केस टाका. टाकली. हरलो. तीन वर्षं आणि वकिलाचे पैसे गेले.

वाईट वाटलं, पण नंतर विचार केला, कौलं तर आमचीच होती.

वकीलीणबाई | १८ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

सुमनताई, तुम्हाला ज्याने सांगितलं त्याने अर्धवट सांगितलं. सुट्टीवर असणं ही ड्युटी मानतात हे काही बाबतीत खरं आहे. सुट्टीवर जाता-येता प्रवासात काही झालं तर पुष्कळदा मिळतं. पण जखमेचा आणि फौजी नोकरीचा काहीतरी धागा लागावा लागतो. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे अगदी असंच प्रकरण होतं. जवान सुट्टीत बहिणीच्या घरी जिन्यावरून पडला होता. कोर्टाने नाही म्हटलं.

उलट पलटणीच्या हॉलीबॉल मॅचमध्ये गुडघा गेला तर? अधिकृत खेळ ड्युटीतच धरतात, त्यामुळे डिसॅबिलिटी एलिमेंट मिळू शकतो. वॉर इन्जुरी अर्थातच नाही.

टवाळ | १८ नोव्हेंबर, दुपारी ४.४१

समोरची टीम कोणती होती त्यावर आहे.

चिकित्सक | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

कटू वाटेल, पण लिहितो. आप्पांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना मिळालंच पाहिजे. पण डिसॅबिलिटीचा बाजार झालाय हेही कोणीतरी बोललं पाहिजे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली की बीपी वाढतं, शुगर वाढते, कान ऐकू येईनासे होतात. आणि हे जवानांपेक्षा वरच्या हुद्द्यांवर जास्त. माझ्या सोसायटीत एक साहेब रोज सकाळी दहा किलोमीटर पळतात आणि अपंगत्वाचा भाग घेतात. खरा पाय गेलेला माणूस "लढाई झालीच कुठं" म्हणून गप्प बसतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नियम कडक केले ते उगाच नाही.

नायब_सुभेदार | १८ नोव्हेंबर, रात्री ८.२०

चिकित्सकराव, बीपीवाले सगळे ढोंगी नसतात. तुम्ही २२ व्या वर्षी भरती झालेला पोरगा घ्या. भरतीला त्याची छाती, डोळे, कान, रक्त सगळं तपासून 'फिट' लिहिलं. मग तीन वर्षं बर्फात, दोन वर्षं काश्मीरच्या गस्तीवर, बायको गावी, आई आजारी, सुट्टी नामंजूर. ४० व्या वर्षी त्याचं बीपी १६०. कुठून आलं ते? म्हणून तर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंगच्या प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत लागला असंच धरा आणि तसं नाही हे दाखवायचं ओझं सरकारवर.

२१ सप्टेंबर २०२३ चे नियम त्यानंतर निवृत्त झालेल्यांना. त्यात शेवटपर्यंत नोकरीत राहिलेल्याच्या पैशाचं नावही बदललं, 'इम्पेअरमेंट रिलीफ' केलं. आप्पा २००९ चे, त्यांना जुनेच नियम.

चिकित्सक | १८ नोव्हेंबर, रात्री ८.४५

बर्फातल्याबद्दल मी बोललोच नाही. पुण्यात एसी ऑफिसात बसलेल्याबद्दल बोललो. असो. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

टवाळ | १८ नोव्हेंबर, रात्री ८.४६

'हेमाशेपो' लिहिल्यावर माणूस सरासरी दोन पोस्टी टाकतो.

व्हर्जिनियाकर | १९ नोव्हेंबर, पहाटे ४.१०

इकडचं थोडं लिहितो, गंमत म्हणून का होईना. माझा जावई अमेरिकन सैन्यात २२ वर्षं होता, पॅराशूटवाला. एका उडीत गुडघ्याची वाट लागली. इथे निवृत्तिवेतन वेगळं आणि व्हेटरन्स खात्याची अपंगत्व भरपाई वेगळी. पण पूर्वी नियम असा की भरपाई जितकी घ्याल तितकं निवृत्तिवेतन कापायचं. या खिशातून त्या खिशात. २००२ च्या कायद्याने त्यावर उतारा काढला: 'कॉम्बॅट रिलेटेड स्पेशल कॉम्पेन्सेशन', सगळे सीआरएससी म्हणतात. लढाईशी संबंधित अपंगत्व असेल तर कापलेले पैसे या नावाने परत, तेही करमुक्त.

आणि 'लढाईशी संबंधित' म्हणजे काय, याचं उत्तर सुभेदारसाहेबांच्या ई यादीसारखंच ऐसपैस आहे. प्रत्यक्ष लढाई, धोक्याचं काम (पॅराशूट उडी त्यात येते, म्हणून जावयाला मिळालं), युद्धाचा सराव आणि 'युद्धाचं साधन' म्हणजे रणगाडा, तोफ वगैरेंमुळे झालेली इजा. बेसवर बास्केटबॉल खेळताना पाय मोडला तर भरपाई मिळते, सीआरएससी नाही. तुमच्या हॉलीबॉलसारखंच.

हे आपोआप मिळत नाही. ज्या दलात होता त्याच दलाकडे स्वतः अर्ज करायचा आणि प्रत्येक इजेचा लढाईशी संबंध कागदाने दाखवायचा. जावयाकडे बुटाच्या खोक्यात ते कागद होते. थकबाकीचाही असाच वाद होता, सहा वर्षांच्या वर द्यायची नाही म्हणून. एका माजी मरीनने तो कोर्टात नेला आणि जून २०२५ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की सहा वर्षांची मर्यादा सीआरएससीला लागू नाही.

वकीलीणबाई | १९ नोव्हेंबर, सकाळी १०.००

वा! आपल्याकडे तीन, तिकडे सहा आणि आता तेही नाही. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आपल्याकडचाही एक ताजा निकाल सांगते. काश्मीरमध्ये ऑपरेशन रक्षकच्या गस्तीवर, कडाक्याच्या थंडीत एका जवानाचं हृदय बंद पडलं. गोळी नाही, स्फोट नाही. त्याच्या पत्नीला न्यायाधिकरणाने लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन (युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबाची वाढीव पेन्शन) दिली, तर सरकार तिच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने सरकारलाच ५०,००० रुपये खर्च भरायला लावला. विधवेला इथपर्यंत ओढायला नको होतं, असं म्हणून.

माणदेशी_मुलगी | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

थोडं अवांतर. आमच्या गावातून यंदा चार पोरं अग्निवीर झाली. त्यांना यातलं काय लागू आहे?

नायब_सुभेदार | १९ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

पेन्शनच नाही, त्यामुळे पेन्शनमधला एलिमेंटही नाही. फौजेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. शिवाय चार वर्षांतल्या उरलेल्या मुदतीचा पगार. आप्पांसारखा ४० टक्केवाला राउंडिंगने ५० मध्ये येईल, पण महिन्याचं काही नाही.

मंदार_पुणे | १९ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

आणि एनडीएचे कॅडेट? खडकवासल्याला ट्रेनिंगमध्ये जखमी होऊन घरी पाठवलेल्या मुलांना तर माजी सैनिकही म्हणत नाहीत, कारण कमिशनच झालेलं नसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हा विषय हातात घेतला.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), धाग्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर आलंच आहे तर सांगतो, ते १९४४ पासूनचं आहे. आणि खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला पुणेकरांनी एकदा तरी जाऊन यावं. मी कॉलेजात असताना गेलो होतो. एक जवान तोंडात ब्रश धरून चित्र काढत होता, मानेखाली हालचाल नाही. मी त्याच्या व्हीलचेअरला चुकून धक्का दिला आणि झाडाच्या फांदीवर एक ओरखडा उमटला. मी शरमेने मेलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तिथं एक पाखरू काढतो."

सांगलीचा_बाळ्या | १९ नोव्हेंबर, दुपारी २.०५

पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं नाव अजून कसं आलं नाही? ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यानंतर पोहायला शिकून १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला. आपल्याकडे सगळंच थकबाकीत मिळतं.

जोशीकाका_सीए | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

कराचा मुद्दा राहिला. डिसॅबिलिटी पेन्शन करमुक्त म्हणून वर्षानुवर्षं चाललं होतं. २४ जून २०१९ ला एक परिपत्रक निघालं की सवलत फक्त बोर्डआऊट झालेल्यांना, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही. त्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आप्पा दुसऱ्या गटात, म्हणून वाढीव पैसे आले तर विवरणपत्र भरताना त्या वर्षाची स्थिती विचारून घ्या. हवालदाराच्या पेन्शनला बहुधा कर बसणारच नाही, पण थकबाकी एकदम आली तर विचारायला या. फी नाही, एक शेर खटावची ज्वारी.

खटावकर | २१ नोव्हेंबर, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस इथे नव्हतो, कारण आप्पांची ट्रंक उघडत होतो. 'उघडत होतो' हे शब्दशः घ्या. किल्ली हरवलेली, कुलूप गंजलेलं, शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात आप्पांचा नंबर आणि नाव. आत एक गरम जर्सी, डांबराच्या गोळ्यांचा वास, पदकांचा डबा आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक.

फेब्रुवारी २००२ च्या पार्ट टू ऑर्डरची नक्कल सापडली. त्यावर स्वच्छ लिहिलंय, 'बॅटल कॅज्युअल्टी, ओपी पराक्रम'. डिस्चार्ज बुकातही तीच नोंद. पण २००९ च्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर 'ड्युटीवर अपघात', आणि पुढे पीपीओत तेच उतरलंय.

सुभेदारसाहेबांच्या शेवटच्या प्रश्नाने मात्र झोप उडवली होती. कारण २००३ मध्येच आप्पांनी घरामागे विहीर पाडली, आणि माझी खात्री झाली की ते एकरकमीचेच पैसे. आप्पांना विचारलं तर आठवत नाही म्हणाले. सह्या तर पुष्कळ केल्या, म्हणे. मग काकी चुलीपुढून बोलली, "इहीर माझ्या माहेरच्या पैशाची हाय. त्यास्नी एकदम घ्याचं म्हनत हुते, पर त्यांच्या सुभेदार मेजरनं दटावलं, एकदम घेशील तर देवळाला न् पावण्यांना जाईल. तवा नगं म्हनून लिवून दिलं." ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली त्या पर्यायाच्या फॉर्मची कार्बन प्रत निघाली. शाई फिकट आहे, पण सही आणि तारीख वाचता येते.

आणि वकीलीणबाई, स्पर्शवर पैसे ४० नेच येत आहेत. राउंडिंगही नाही.

नायब_सुभेदार | २१ नोव्हेंबर, रात्री १०.४४

त्या सुभेदार मेजरला माझा सॅल्यूट.

काय झालं असेल ते सांगतो. बोर्डाच्या वेळी सात वर्षं जुनी पार्ट टू ऑर्डर कोणी काढून बघितली नाही. कोणीतरी आप्पांनाच विचारलं असेल, "कैसे हुआ?" आणि आप्पांनी सांगितलं असेल, "माइन फट गया साब, अपना ही था." लिहिणाऱ्याने लिहिलं, अपघात. मी स्वतः असले कागद टाइप केलेत. दिवसाला चाळीस.

अर्ज एकच करा, मागण्या दोन: वर्गवारी सी ची ई आणि राउंडिंग. सगळ्या प्रती साक्षांकित. मूळ कागद कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तिथून पत्र जोडता आलं तर उत्तम.

चिकित्सक | २१ नोव्हेंबर, रात्री ११.१०

टवाळ बरोबर होता, आलो परत. एक सावधगिरी. टक्केवारीला हात लावू नका. भावनेच्या भरात "४० कमी आहेत, जास्त द्या" असं लिहिलंत तर पुन्हा बोर्ड बसेल आणि फाइल नव्या वाटेला लागेल. तुमचं भांडण वर्गवारीचं आहे, पायाच्या मापाचं नाही.

वकीलीणबाई | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

चिकित्सक यांना +१. हे मीच लिहायला हवं होतं. अर्जाची तारीख जपा, तीन वर्षांची थकबाकी मागे मोजताना तीच कामाला येईल. उत्तर आलं नाही तर सहा महिन्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खटावकर | २९ नोव्हेंबर, सायंकाळी ७.२०

अपडेट. अर्ज काल स्पीड पोस्टाने गेला. आप्पा स्वतः पोस्टात आले, नकली पंजा घालून, पॉलिश केलेल्या बुटात. काउंटरवरच्या मुलीने पाकिटाचं वजन केलं, पावती दिली. आप्पांनी ती तीनदा वाचली आणि म्हणाले, "पोच आली की ही बी तिच्यासंगं ट्रंकेत ठिव. दुधाच्या पिशवीत."

नवीन कुलूप आणलंय. एक किल्ली काकीकडे.

जोशीकाका_सीए | २९ नोव्हेंबर, सायंकाळी ७.५५

ज्वारी विसरू नका.

रत्नागिरीची_वीणा | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.००

नवीन सभासद आहे. माझे सासरे १९८८ मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत होते, ऑपरेशन पवन. खांद्याला गोळी लागली होती, नंतरही नोकरी केली. त्यांच्याही पीपीओवर फक्त 'डिसॅबिलिटी' आहे. इथेच विचारू का नवीन धागा काढू?

नायब_सुभेदार | ३० नोव्हेंबर, दुपारी १२.०५

नवीन धागा काढा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. पण आधी ट्रंक उघडा. आणि एकरकमी घेतली होती का ते सासूबाईंना विचारा, सासऱ्यांना नको.